डाव्या पायाचा पोलादी बूट

मित्रांनो, मी एक जुना पोलादी बूट आहे, तोही एकाच पायाचा. मला जोडीदार कधी नव्हताच. इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावात हॉरेस लोहाराने मोडक्या मोटारीचा बंपर कापून, ठोकून मला घडवले. त्याच्या बहिणीचा, नेस्टाचा, नवरा विल्फ गार्साइड मोटारसायकलींच्या शर्यती खेळायचा. लाल मुरमाचे गोल मैदान, चार फेऱ्या, गाडीला ब्रेक नाही आणि वळण नेहमी डावीकडेच. वळणावर गाडी आडवी घसरू लागली की विल्फ डावा पाय जमिनीला टेकवायचा. त्या पायातल्या चामडी बुटाखाली मला पट्ट्यांनी बांधलेले असे.

मुरमावर घासून घासून माझा तळ आरशासारखा झाला. इंजिनात जळणाऱ्या एरंडेल तेलाच्या धुरात लोक हातातली कटकट वाजणारी लाकडी खेळणी फिरवून जल्लोष करायचे. विल्फ गावच्या संघाचा कप्तान झाला. हॉरेस सगळ्यांना सांगायचा, "पाय मेहुण्याचा असेल, पण जिंकतो माझा बूट!" दर मोसमाच्या शेवटी नेस्टा म्हणे, आता पुरे. विल्फ म्हणे, अजून एकच. मलाही तसेच वाटायचे.

मग एका शनिवारी पुढचा गडी घसरून पडला. त्याला चुकवायला विल्फने गाडी लोळवली आणि मागची गाडी त्याच्या डाव्या पायावरून गेली. माझे पट्टे कापून मला नेस्टाच्या पिशवीत टाकले, म्हणून दवाखान्यातले बोलणे मी ऐकले. गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले.

विल्फ शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, उजवा न्या की. तो नुसता गाडीवर ठेवलेला असतो."

डॉक्टरांना वाटले, तापात बरळतो आहे. तो बरळत नव्हता.

सुरुवातीला लोक केक, द्राक्षे घेऊन घरी आले. मग संघाला नवा कप्तान मिळाला आणि येणे थांबले. पुढच्या वसंतात विल्फने हॉरेसकडून मला नवे पट्टे लावून घेतले, लाकडी पायाला बांधले आणि रिकाम्या मैदानावर गाडी काढली. मला वेड्याला वाटले, आपले दिवस परत आले. पहिल्याच वळणावर तो कोसळला. नेस्टा धावत आली.

"दुखतंय का रे?"

"काहीच नाही. पायाखालची जमीनच कळत नाही गं."

मी जमिनीवर अगदी नीट टेकलो होतो. पण माझा निरोप वर न्यायला पायच नव्हता. डोळे असते तर मी तिथेच रडलो असतो.

आता स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकून गंजतो आहे. मित्रांनो, मला पुसू नका, तेल लावू नका. मी लोखंड, माझे काय एवढे? पण ज्याच्यासाठी तुम्ही टाळ्या पिटल्या, तो पडला की त्याच्या घरी एकदा तरी जा. विल्फ अजून दर शनिवारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसतो. नेस्टा चहाचे तीन कप मांडते. अंधार पडला की तिसरा कप ती तसाच उचलून ठेवते.