तिच्या कोपराएवढं

कोपर.

सुताराच्या मापाच्या काठीवरची मधली खाच त्याच्या बायकोच्या कोपराची. हापशाचा दांडा, स्वयंपाकाचा ओटा, रंधा मारायचं टेबलसुद्धा, सगळं त्या खाचेला लावून बसवलेलं.

गुडघा.

खालची खाच. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार.

वर केलेला हात.

काठीचं टोक. बियांच्या बरण्यांची फळी, विळ्याची खुंटी, विजेचं बटण.

सुतार स्वतः ताडमाड. बायको त्याच्या छातीला लागायची. पण त्याच छातीत दोनदा कळ येऊन गेली होती आणि डॉक्टर काही गोड बोलले नव्हते. म्हणून त्याने दुकान मोडलं, गावाबाहेर तुकडा घेतला. आपल्यामागे हिला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. पाणी दारात, वीज छपरावर, भाजी मागे, अंडी बाजूला. चार वर्षं राबला. दर वस्तूला आधी काठी लावायची, मगच खिळा.

"उभी राहा गं बुटके. कोपर वाकव."

"आणि मी आधी गेले तर? कंबर मोडून घेशील."

"आधी माझा नंबर. रांग मोडायची नाही."

"रांगेत कधी उभा राहिलायस तू?"

शेवटचा खिळा ठोकला त्याला सव्वा महिना झाला होता.

ताप. पाच दिवस.

ती गेली.

कंबर.

ही खाच काठीवर नाही. त्याचीच कंबर. पाणी ओढायचं तर वाका, भाजी चिरायची तर वाका. वर्षभर वाकला. एका सकाळी हापशापाशी वाकला तो सरळ झालाच नाही. शेजारच्या गवळ्याने उचलून खाटेवर टाकला आणि मुलीला फोन लावला. ती येईपर्यंत तीन दिवस वाफ्यांना पाणी नव्हतं. टोमॅटो माना टाकून बसले होते.

मुलगी आली ती पदर खोचूनच.

"बाबा, दोनच गोष्टी. एक तर सगळं तुमच्या उंचीचं करा, नाहीतर सामान बांधा नि माझ्याकडे चला."

"काय बिघडलंय? चालतंय की."

"चालतंय! तुम्हाला खाटेवरून उठता येत नाही आणि म्हणे चालतंय."

तिने बादली घेतली आणि हापशाकडे गेली. सुतार खाटेवरून खिडकीतून बघत होता. दांडा नेमका तिच्या कोपराशी. पाठ ताठ. पाणी धो धो. आईची उंची उचलली होती पोरीने.

ती आत आली तेव्हा त्याने भिंतीकडे बघत विचारलं, "तूच राहतेस का इथे?"

मुलीने बादली खाली ठेवली. "बाबा, माझं घर आहे. नोकरी आहे."

"हो. हो. सहज म्हटलं."

मुलगी ओट्यापाशी जाऊन भाजी चिरायला लागली. कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

आठवडाभराने तो उठला. करवत घेतली. ओट्याखाली ठोकळे, टेबलाला नवे पाय, खुराडं चार खांबांवर. मुलगी धरायची, तो ठोकायचा. मापाला काठी घेतली तर ती त्याच्या हातापुढे तोकडी पडली. त्याने ती कोपऱ्यात उभी केली आणि दोरी घेतली.

हापसा सगळ्यात शेवटी. त्यावर तो दोन दिवस अडून बसला. "राहू दे ना एवढा."

"मग सामान बांधू?" मुलगी म्हणाली.

त्याने पाना उचलला. हापशाखाली जादा नळ चढला, दांडा हातभर वर गेला.

मुलगी गेली. जाताना दोनदा मागे वळली.

सकाळी तो बादली घेऊन हापशापाशी गेला. वर्षभराच्या सवयीने कंबरेत वाकला, हात खाली नेला.

तिथे काहीच नव्हतं.