लेंडीसुद्धा ठेवायची न्हाई

कोकणात थंडी नसती, असं धुळाबाबानं ठरवूनच टाकलेलं. आता त्येला कोण सांगणार? माणूस सत्तरीला आलेला. दरसाल दिवाळी झाली की आटपाडीकडनं मेंढरं घ्यायची, घाट उतरायचा, भात कापलेल्या खाचरांत चारायची. रात्री मेंढरं रानात बसवायची, लेंड्यांचं खत पडतंय म्हणून रानवाला पदरात भात घालतोय. आन पाऊस यायच्या आत परत वर. हयात गेली ह्यातच.

तरी सोनमनं सांगितलंच. सोनम म्हंजी त्येची सून, सूरजची बायको. तोंडानं असली फटकळ की घोडं बी तिला बघून कान पाडतंय.

"आवं मामा, पहाटं तोंडातनं वाफ निघाय लागली. व्हट उललं माझं. औंदा कातरू नगासा."

कारण कसं हाय, खाली उतरलं की पैल्या आठवड्यात मेंढरांची लोकर कातरायची, ही त्यांची रीत. कोकणात हवा घामट, रातभर दव पडतंय, लोकर भिजली की किडं हुत्यात. रीत बरोबरच हाय की! पण औंदा दवच न्हवतं. घाटावरनं असला कोरडा वारा उतरलेला, की गवत पापडागत मोडतंय, टाचंत बोट जाईल एवढ्या भेगा, आन समोर खाडी असून हवेला ओल म्हणून न्हाई.

"सासऱ्याला अक्कल शिकिवती!" रंगुबाई, म्हंजी सासू, चुलीम्होरनं वरडली. "तुझ्या बानं बघितलाय का समुद्र कवा?"

"आत्ती, समुद्र काय पांघरायला देतोय व्हय?"

धुळाबाबानं कातर उचलली. दोन दिसांत आख्खा कळप सोलून टाकला. मेंढरं दिसायला लागली सोललेल्या अंड्यागत, गुलाबी आन गुळगुळीत. आन तिसऱ्या दिशी वारा जो सुटला म्हणता! सकाळी वाघरीत, म्हंजी कोकरांच्या जाळ्यात, दोन कोकरं ताठ. उचलली तर लाकडं. मोठ्या मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून थडथड थडथड.

सोनमनं दोन्ही कोकरं न्हिऊन सासऱ्याच्या पायापाशी ठेवली. धुळाबाबानं बघितलं, आन तंबाखू मळत बसला.

आता ह्या सगळ्या मुलखात त्या थंडीनं खुश झालेला माणूस एकच, रानमालक अनंतनाना. ज्येच्या खाचरात ह्यांचा तळ पडलेला. नानाची खाचराला लागून हापूसची बाग. भोवतीनं छातीएवढा दगडी गडगा, झाडं दाट, खाली पाचोळा गुडघाभर. वारा आत शिरायचाच न्हाई. नाना मफलर गुंडाळून रोज फेऱ्या मारायचा आन झाडांस्नी म्हणायचा, "असाच पडू दे गारठा, असाच पडू दे!" गारठा पडला की मोहोर फुटतोय ना. त्येला मोहोर फुटत व्हता आन हिकडं मेंढरं मरत व्हती.

सोनम सांजच्याला गेली त्येच्या अंगणात.

"नाना, चार रात्री मेंढरं बागंत घेऊ द्या. वाऱ्याच्या आडोशाला. खत बी पडंल."

"मोहोर खातील."

"राखतो की आमी."

"राखाल! घाटी लोक तुम्ही, आज बाग मागाल, उद्या माजघरात याल. तुझ्या सासऱ्यानं बिरोबाची आण घेतलेय माझ्यासमोर. माणूस नाय की जनावर नाय, बागेत पाय ठेवणार नाय म्हणून. विचार त्याला."

"मेंढरं मरायला लागल्यात, नाना."

"मग? थंडी मी पाडली?" नाना हसला. "कातरलीत कोणी ती?"

हे लागलं तिला. कारण खरं व्हतं ना! परतताना तिचं डोकं असलं तापलेलं, गड्या, की थंडी बी वाजंना.

तळावर येऊन बघती तर म्होरकी मेंढी खाली बसलेली. कपिली नाव तिचं. कपिली उठली न्हाई तर कळप हलत न्हाई, हे समद्यांस्नी ठावं. सोनमनं तिला शिंगाला धरून उभी केली आन निघाली थेट बागंच्या दाराकडं. दार म्हंजी नुसतं आडवं तीन वासं. एक वासा काढला, दुसरा काढला.

सूरज बगलंत हात घालून पळत आला. "सोने, बाबा मारंल!"

"मारू दे की. मेंढरं मेल्यावर तू कुणाला हाकणार हाईस, मला?"

तिसरा वासा पडला. "हुर्र, हुर्र, हुर्रऽऽ!" कपिली आत, कपिलीमागं आख्खा कळप आत. पाचोळ्यात घुसली की गडग्याला चिकटून अशी बसली, जणू माहेरलाच आली.

धुळाबाबा काठी घेऊन धावला. दारापातूर आला, आन थांबला. पाय उचलला, खाली ठेवला. आण त्येचीच ना! आत जाता येईना. मग जी तोंडाची टकळी सुटली!

"भाईर काढ! भाईर काढ म्हणतो न्हवं! माझा शबुद मातीत घातलास, सटवे!"

"आण तुमी घेतली, मामा. मी न्हाई."

रंगुबाई मागनं आली. तिनं सोनमच्या आईपासनं सुरवात केली ती पार तिच्या पणजीपातूर पोचली. एवढं वरडत वरडत पदरात चार कोकरं गुंडाळली, आन शिव्या देत देतच वासं वलांडून आत गेली. पाचोळ्यात बसली, कोकरं पोटाशी धरली, तरी तोंड चालूच. धुळाबाबा एकलाच भाईर, घोंगडं पांघरून, जाळ करून, रातभर गडग्यापल्याडनं आत शिव्या फेकत ऱ्हायला.

सकाळी नाना आला दोन गडी घेऊन. बघतोय तर काय, झाडांच्या खालच्या फांद्या, मेंढराचं तोंड पोचतंय तितक्या उंचीपातूर मोहोर साफ! वस्ताऱ्यानं कापल्यागत रेघ. आतल्या समद्यांस्नी झोप लागली व्हती की, राखणार कोण?

"चोरांनो! घाट्यांनो! आत्ताच्या आत्ता चालते व्हा! आणि खाचरात बसलात त्याचा भात, एक दाणा नाय मिळणार!"

धुळाबाबा मान खाली घालून उभा. सूरज घोड्यामागं. नाना वरडून दमला आन त्येची नजर गेली खाली. बागभर लेंड्याच लेंड्या, काळ्याभोर. ते बघून तो गालातल्या गालात हसला आन गड्याला म्हणाला, "जाऊ दे. खत तरी फुकटात पडलं."

हे ऐकलं रंगुबाईनं. पदर खवला तिनं.

"सोने, झाडणी आण."

सासू-सून दोघी लागल्या की झाडायला! पाचोळा हातानं चाळला, लेंड्या खराट्यानं लोटल्या, पोती भरली. नाना बघतच ऱ्हायला. "अगो, काय करतेस?"

"बिनबोलावता आलो न्हवं आमी? मग बिनबोलावता पडलेलं घिऊन जातो. लेंडीसुद्धा ठेवायची न्हाई तुला."

"हे बघ... अर्धा भात देतो मी."

रंगुबाई त्येच्या पायाजवळ थुकली. मग गडग्यापल्याडनं धुळाबाबाचा आवाज आला, घसा बसलेला, "आगं, त्या कोपऱ्यात ऱ्हायल्यात! थोरल्या झाडाखाली!"

कळप भाईर पडला तवा समदी मेंढरं सोताच्या पायानं चालत व्हती. वारा तसाच, अंगाला चावणारा. पोती घोड्यावर चढवली आन शेजारच्याच्या खाचरात, नानाच्या डोळ्यादेखत, उपडी केली. शेजारी तोंडाचा आ करून बघतोय.

खाडी मागं पडली, गाव मागं पडलं. मग धुळाबाबा म्होरं बघतच सोनमला म्हणाला, "माझी आण मोडलीस. बिरोबाला बकरं तूच द्यायचं आता."

सोनम कपिलीच्या उघड्या पाठीवर गोणपाट बांधत व्हती. गाठ आवळली तिनं.

"देईन की, मामा. द्यायला जित्तं हाय न्हवं!"