समोवरच्या वाफेत बोलणारे अता

गुरुवारी दुपारी कोक-बुलाक गावातल्या सालिमा अपांच्या दारात बुटांचा ढीग पडायचा. आत गालिच्यावर मांडी घालायला जागा उरायची नाही. बायाबापड्या, म्हातारे, वरच्या कुरणांवरचे मेंढपाळ, सगळे पाण्याच्या बाटल्या बुचं काढून पुढ्यात घेऊन बसलेले. भिंतीशी लाकडी पेटी, तिच्यावर मखमलीचा रुमाल, रुमालावर विटेएवढा काळा स्पीकर, आणि त्याला जवळजवळ खेटून वाफा सोडणारा समोवर, चहाचं पाणी उकळवायचं उंच भांडं.

"कुणी हात लावायचा नाही!" तुर्गुनबाय बजावायचा. तो स्वतःला डोळा उघडलेला माणूस म्हणवून घ्यायचा, म्हणजे आपल्याला पलीकडचं दिसतं म्हणायचा. हातात घोड्याच्या शेपटीची चवरी, आवाजात तूप. "ओरोझ अतांना जिवंतपणी चहा किती लागायचा, ठाऊक आहे ना? चहाचा वास गेला की येतील. आत्म्याला वायर लागत नाही, बटण लागत नाही!"

स्पीकरची वायर मागच्या सॉकेटमध्ये खोचलेली होती. ती कुणी बघत नव्हतं.

समोवर फुसफुसत राहायचा, माणसं श्वास रोखायची. आणि कुणीही बोट न लावता स्पीकर खरखरून बोलू लागायचा. "तुमची चूल धगधगती राहो... लेकरं शंभर वर्षं जगोत..." आवाज थेट ओरोझ अतांचा, सालिमा अपांच्या नवऱ्याचा. अतांना मातीआड करून सात महिने झालेले! बाया हुंदके द्यायच्या. सालिमा अपा डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावायच्या. तुर्गुनबाय बाटल्यांवरून चवरी फिरवायचा. "हे पाणी घेणाऱ्यानं गोळ्या घ्यायच्या नाहीत. दोन औषधं पोटात भांडतात. अतांना अपमान वाटतो."

या बैठकीत मानाच्या जागी, दारापासून सगळ्यांत लांब, एसेनाली बसायचा. तालुक्याच्या बाजारात लोखंडी कंटेनरमध्ये त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं रेडिओ, टीव्ही, फोन त्याच्या हाताखालून गेले होते. हा स्पीकरही वसंतात त्यानंच दुरुस्त केला होता. तुर्गुनबायनं ते हेरलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "अतांनी परत येण्यासाठी याचे हात निवडले!"

झालं. लोक उठून त्याच्या हातांना हात लावायला लागले. ताटातला मांसाचा उत्तम तुकडा त्याच्यापुढे यायला लागला. एसेनालीला आधी संकोच वाटला, मग बरं वाटलं, आणि मग, खरं सांगायचं तर, गुरुवारची वाट बघावीशी वाटायला लागली. अंगठ्याएवढ्या यंत्राचा दोष वासावरून सांगणारा हा माणूस. पण हा स्पीकर आपोआप कसा बोलतो, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण पाडून घ्यायचा नव्हता.

अशाच एका गुरुवारी तो पेटीच्या अगदी जवळ बसला होता. बटणाच्या फटीत त्याला काहीतरी दिसलं. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पापडी, तिच्यावर ओलसर चकाकी.

त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

ही पापडी तो ओळखत होता. सालिमा अपा स्पीकर घेऊन आल्या तो दिवस त्याला लख्ख आठवला. बटणाचा पाय तुटला होता, दोन डागांचं, म्हणजे कथलाच्या दोन जोडांचं काम. इलेक्ट्रॉनिक कामाला राळेचा फ्लक्स लागतो. तो गरम तारेवर वितळतो, धातूवरचा गंज उचलतो, कथलाला वाट करून देतो आणि थंड झाला की निमूट काचेसारखा पडून राहतो. पण त्याच्या राळेच्या बरणीला झाकण नव्हतं. ते कधीच हरवलं होतं, आणि बरणी हिवाळाभर शेगडीशेजारी उघडी पडली होती. आतलं स्पिरिट उडून गेलं होतं, उरला होता चिवट गोळा. अपा दाराशी उभ्या, बस सुटायची वेळ. त्यानं शेजारच्या पत्रेवाल्याकडून अॅसिडची बाटली मागून घेतली. त्या अॅसिडनं छपराचे पत्रे जोडतात, बादल्या जोडतात. डाग कसा झकास बसला! नंतर पाण्यानं, स्पिरिटनं घासून धुवायला हवं होतं. त्यानं धुतलं नाही. फडक्यानं पुसलं आणि दिलं.

अॅसिडचा तो राहिलेला थर हवेतली ओल ओढून घेतो. ओला झाला की त्यातून वीज वाहते. बटणाच्या दोन टोकांमध्ये वीज वाहिली, की स्पीकरला वाटतं कुणी बटण दाबलं. आत मेमरी कार्ड होतं, आणि त्यावर नातवानं गेल्या वर्षी भरून ठेवलेले अतांचे आशीर्वाद.

आणि समोवर? स्पीकर वाफेजवळच बोलतो, हे तुर्गुनबायनं कधीतरी बरोबर टिपलं होतं.

"बाइके, जेवत का नाही?" समोरच्या बाईनं थोरल्या भावाला हाक मारावी तसं विचारलं. ती झिबेक, खालच्या आळीतली. तिची नऊ वर्षांची लेक एलनुरा तिला टेकून बसली होती. "आमच्या एलनुराला तीन आठवडे मिरगीचा झटका नाही. गोळ्या बंद केल्या, नुसतं हे पाणी. तुमच्या हातांचे उपकार."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय सांगणार? उस्ताद म्हणवणाऱ्यानं फोनच्या टेबलावर बादलीचं काम केलं? त्यानं मांसाचा तुकडा तोंडात घातला आणि मान डोलावली.

मंगळवारी पत्रेवाल्यानं बाजारात बातमी आणली. एलनुराला झटका आला तेव्हा तिच्या हातात उकळती किटली होती. मान, खांदा, उजवा हात भाजला. जिल्ह्याच्या इस्पितळात आहे.

एसेनालीनं दुकान बंद केलं. घरी बायकोनं विचारलं, "आजारी आहेस का?"

"नाही."

"मग असा का बसलायस?"

दोन दिवस त्याला स्वतःचे हात बघवेनात.

गुरुवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन सालिमा अपांकडे पोचला तेव्हा झिबेक तिथंच होती. इस्पितळातून सरळ आलेली, हातात रिकामी बाटली. तुर्गुनबाय तिला सांगत होता, "जुन्या गोळ्यांचं विष अंगात उरलं होतं, म्हणून झालं हे. आता डॉक्टरनं पुन्हा सुरू केल्यात ना? बंद कर."

"बंद करू नकोस!" एसेनाली दारातूनच ओरडला. "आधी मला दहा मिनिटं द्या. अपा, समोवर उचला तिथून."

"अतांचा चहा उचलतोस?" तुर्गुनबाय उसळला.

"अता येणारच असतील तर दहा मिनिटं थांबतील."

समोवर बाहेर गेला. एसेनालीनं बायांकडून पंखा मागून घेतला आणि स्पीकरला वारा घालत बसला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. अता गप्प. मग त्यानं स्वतः समोवर आणून टेकवला. पाचव्या मिनिटाला "तुमची चूल धगधगती राहो..."

"बघा! आले!" तुर्गुनबाय ओरडला. "चहाला आले!"

"चहाला नाही, वाफेला." त्यानं प्लग काढला, पेचकस फिरवला आणि स्पीकर उघडून सगळ्यांपुढे फिरवला. "ही पापडी बघा. हे माझं काम. पत्र्याचं अॅसिड वापरलं आणि धुतलं नाही. ओल लागली की यातून वीज जाते, आणि बटण दाबल्यासारखं होतं. आवाज या कार्डातला आहे, अपांच्या नातवानं भरलेला."

स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून त्यानं जागा घासली, पुन्हा घासली, फुंकून वाळवली. प्लग लावला, समोवर टेकवला. समोवर थंड होईपर्यंत स्पीकर बोलला नाही.

"याच्या पापी हातांनी आत्मा रुसला!" तुर्गुनबायचा आवाज चढला. "हाकलून दिलं त्यानं अतांना!"

"रुसवा काढू?" एसेनालीनं ताज्या राळेचा थेंब बटणाच्या टोकांमध्ये लावला. शांतता. तो पुसला. मग आगकाडीचं टोक पिशवीतून आणलेल्या पत्रेवाल्याच्या अॅसिडच्या बाटलीत बुडवून त्याच जागी टेकवलं. टेकवतो न टेकवतो तोच अतांचा आवाज खोलीभर झाला. काडी उचलून जागा पुसली, स्पीकर बंद केला. पुन्हा टेकवली, पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा मागून एक मेंढपाळ फिसकन हसला. "तुर्गुनबाय, तुझ्या चवरीपेक्षा याची काडी भारी आहे रे!"

हशा पिकला. त्या हशातच तुर्गुनबाय बूट शोधायला बाहेर सरकला. "तुमच्या श्रद्धेला कीड लागलीय," असं काहीसं पुटपुटला, पण त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

एसेनालीला मात्र हसू आलं नाही. झिबेक त्याच्यासमोर येऊन उभी होती.

"बाइके, तुम्हाला कधी कळलं हे?"

आत्ताच कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता.

"गेल्या गुरुवारी," तो म्हणाला. "तू एलनुराला घेऊन समोर बसली होतीस तेव्हा."

हशा थांबला. झिबेक रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"लाज वाटली. काम खराब केल्याची. आणि तुम्ही सगळे मला मान देत होतात, तो सोडवत नव्हता."

"तुमच्या लाजेपायी माझी पोर भाजली."

"हो," एसेनाली म्हणाला. झिबेकनं रिकामी बाटली पेटीवर ठेवली आणि ती इस्पितळाची बस धरायला निघून गेली.

सालिमा अपांनी पेटीवरचा मखमलीचा रुमाल हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते येत नव्हते."

"नाही, अपा. पण आवाज त्यांचाच आहे. तो कुणी चोरला नाही."

एलनुरा पाच आठवड्यांनी घरी आली. गोळ्या सुरू आहेत, झटका नाही. मानेवरचा डाग राहील, असं डॉक्टर म्हणतात. एसेनाली दोनदा दाराशी जाऊन आला. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा झिबेकनं त्याच्या हातातली फळं घेतली, पण त्याला आत बोलावलं नाही. त्यानं अपेक्षाही केली नव्हती.

दुकानात आता राळेची बरणी घट्ट झाकणाची आहे, शेगडीपासून लांब, सावलीत, आणि तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली. अॅसिड पत्रेवाल्याकडेच राहतं. दुरुस्तीला काहीही आलं, की तो कथलाचा डाग धुतो आणि परत देताना गिऱ्हाईकाला भिंगाखाली दाखवतो. लोक म्हणतात, "राहू द्या बाइके, तुमच्यावर विश्वास आहे."

तेव्हा तो चिडतो. "विश्वास नको, बघा! मी दुरुस्त केलं म्हणून चांगलं असेल असं समजू नका. कुणी चमत्कार दाखवला तर आधी वायर कुठं जाते ते बघा, जवळची एकेक वस्तू बाजूला करून बघा, पुन्हा होतं का ते बघा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला डॉक्टरसमोर उभं करा. आणि ज्याला खरं कळलंय त्यानं त्याच दिवशी बोलावं. उद्या बोलीन म्हणू नये. मी आठवडाभर गप्प राहिलो, तेवढ्यात त्या पोरीचा हात भाजला."