रोज वाढणारं दुकान

मास्तरांचं दुकान आठ फूट रुंद होतं आणि खोल त्याहून जरासं जास्त. त्यात एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, इस्त्री, भिंतीला टांगलेले बिनबाह्यांचे कोट आणि खुद्द मास्तर एवढं सगळं मावायचं, पण मास्तरांनी श्वास बेताबेतानं घेतला तरच. जाड गिऱ्हाईक आलं की माप घेण्याआधी टेबल उभं करावं लागे. आणि अशा दुकानात एके सकाळी बाजार कार्यालयाचा मोजणी साहेब शिरला तो बेकायदा विस्ताराची नोटीस घेऊन. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

झालं होतं ते असं. त्या गल्लीत जितकी दुकानं तितक्या भाषा. पूर्वी सगळे हातवारे करून, अर्धेमुर्धे शब्द जोडून एकमेकांशी बोलायचे. भांडायचेसुद्धा, आणि छान भांडायचे. मग बाजार कार्यालयानं सगळ्या दुकानदारांचा फोनवर एक ग्रुप काढला. कुणीही आपल्या भाषेत लिहावं, दुसऱ्याला ते त्याच्या भाषेत दिसणार. दुकान उघडलं की लिहायचं, काम आटोपलं की लिहायचं, असा नियमच केला. मोठी सोय झाली. इतकी की समोरासमोर बोलायचं कुणाला कारणच उरलं नाही.

मास्तर नियमाचे पक्के. रोज संध्याकाळी मशीनवर कापड टाकलं की ते ग्रुपवर लिहायचे, 'दुकान वाढवलं.'

आता यात त्यांचं काय चुकलं? आपल्या भाषेत संध्याकाळी दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतात. बंद करायचं ते कायमचं. निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि बांगडी फुटली तरी ती वाढलेली असते. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढी साधी गोष्ट. मास्तरांच्या वडिलांनी तर त्यांना मशीनवर बसवण्याआधी हेच शिकवलं होतं, सुईत दोरा ओवायला नंतर. पण हे फोनला कुणी सांगायचं? त्यानं सरळ अर्थ लावला की शिंप्यानं आज दुकान मोठं केलं. काल केलं होतं, परवा केलं होतं, आज पुन्हा केलं. सगळी गल्ली रोज संध्याकाळी आपापल्या भाषेत हे वाचत होती, आणि उठून चार पावलांवर जाऊन बघावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

साहेबाच्या छातीवर फोन लटकत होता. साहेब त्याच्या भाषेत बोले आणि फोन ते मराठीत म्हणून दाखवी. साहेबानं टेप काढला, दुकान मोजलं, पुन्हा मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आठ फूटच भरतंय," साहेब म्हणाला.

"आठच आहे," मास्तर म्हणाले.

"मग टेप चुकतोय."

मास्तरांनी गळ्यातला स्वतःचा टेप काढून दिला. साहेबानं तोही लावून पाहिला. पुन्हा आठ. "हा तुमचा टेप आहे," साहेब म्हणाला, "तो तुमच्याच बाजूनं बोलणार."

"साहेब, पण मी कुठे काय केलंय?"

"तुम्ही स्वतः रोज लिहून देता."

"मी तर दुकान वाढवल्याचं लिहितो."

"तेच म्हणतोय मी."

"अहो, पण रोजच वाढवावं लागतं. न वाढवता घरी कसा जाऊ?"

साहेबानं हे कबुलीजबाब म्हणून टिपून घेतलं. मग त्यानं हिशेब समजावून सांगितला. एका वाढवण्याला कमीत कमी एक हात धरायचा, असं कार्यालयाचं सूत्र होतं. त्या सूत्रानं मास्तरांचं दुकान मागची भिंत ओलांडून बेकरीतून, औषधांच्या दुकानातून, शाळेच्या पटांगणातून जाऊन नदीत उतरलं होतं. गुरुवारी वाढीव भाग पाडायचा. वाढीव भाग डोळ्यांना दिसत नसल्यामुळे जेवढा दिसतोय तेवढ्यापासून सुरुवात करावी लागेल.

मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. जेवढं दिसत होतं तेवढंच तर त्यांच्याकडे होतं. तरी माणूस सभ्य. साहेब निघाला तेव्हा सवयीनं म्हणाले, "बरं, या मग." फोननं ते भाषांतर करून सांगितलं आणि साहेब उंबऱ्यावरून परत आला. "बोला," म्हणाला. मास्तरांना बोलायचं काहीच नव्हतं. तो पुन्हा निघाला, मास्तर पुन्हा "या" म्हणाले, तो पुन्हा आला. शेवटी टेबलाखाली कोटांच्या घड्या घालत बसलेली मास्तरांची बायको म्हणाली, "अहो, त्यांना या या काय करताय? ते येतायत."

नोटीस लागली तशी गल्लीला ऊतच आला. औषधवाल्या बाई येऊन म्हणाल्या की त्यांच्या दुकानाचं छत गळतंय, आणि आता तो भाग मास्तरांचा असल्यानं दुरुस्तीही त्यांनीच करावी. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं पटांगणातलं तुंबलेलं गटार त्यांच्या गळ्यात घातलं. एक गिऱ्हाईक कोटाची ट्रायल घ्यायला नव्या हॉलमध्येच जायचं म्हणून हटून बसलं. मास्तरांनी त्याला मागची भिंत दाखवली. त्यानं भिंतीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि "असू दे, नसेल दाखवायचा तर," असं म्हणून ते रागावून निघून गेलं. शिकलेली, चार देश पाहिलेली माणसं ही. मास्तरांनी हात टेकले. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी स्वतःही मागची भिंत दोनदा ठोकून पाहिली. पोकळ लागली असती तर बरंच वाटलं असतं त्यांना.

"तुम्ही त्यांना हसू नका," बायको म्हणाली. "तुम्ही तरी काय वेगळं करता?"

"मी काय केलं?"

"बेकरीवाले."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. शेजारचा बेकरीवाला हा विषय त्यांना नको असायचा. तो माणूस रोज संध्याकाळी ग्रुपवर लिहायचा आणि मास्तरांच्या फोनवर मराठीत यायचं, 'मुलांना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. पहाटे भाजायला घेईन.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मास्तरांच्या अंगावर काटा आला होता. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडचा पाव सोडला, येताजाता रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले, आणि गिऱ्हाइकांनाही हळूच सावध करायला लागले.

"त्यांना मुलंच नाहीत," बायको म्हणाली.

"आता कुठून असतील?" मास्तर म्हणाले.

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, विचारायला तोंड आहे ना तुम्हाला? लोक तुमचं रोज काय वाचतात, ते तरी जाऊन बघा. सगळ्यांत जवळचा फोन त्यांचाच आहे. उद्या गुरुवार."

दुकान जातंय म्हटल्यावर माणूस काय करत नाही. मास्तर जीव मुठीत धरून बेकरीत शिरले. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात होता. मास्तरांना पाहून तो दचकला आणि एक पाऊल मागे सरला. मास्तरही दचकून मागे सरले. दोन घाबरलेली माणसं एकमेकांना वाट देत उभी राहावीत तसे दोघं थोडा वेळ उभे राहिले.

"भाऊ," मास्तर जुन्या बाजारभाषेत म्हणाले, अर्धे शब्द इकडचे, अर्धे तिकडचे, "मी रोज काय लिहितो, तुम्हाला काय दिसतं?"

बेकरीवाल्यानं हात पुसले, फोन काढला आणि शब्द शोधत शोधत सांगितलं, "दिसतं, मी दुकान मोठं केलं. रोज दिसतं. मी म्हटलं, मास्तर हावरट झाला. रोज मोठं, रोज मोठं. मी भट्टीशेजारची खाट पलीकडे हलवली. म्हटलं, झोपेत माझ्या अंगावरून जाईल याचं दुकान."

मास्तर मटकन पिठाच्या पोत्यावर बसले. वाढवणं म्हणजे मोठं करणं, अर्थात. शब्दाचा हा दुसरा अर्थ जन्मभर त्यांच्या तोंडात होता, आणि तो त्यांना आज एका परक्या माणसाच्या फोनमध्ये भेटला. त्यांनी दोन्ही हातांनी फळ्या लावायची, कुलूप घालायची, घरी जायची नक्कल केली आणि म्हणाले, "वाढवलं म्हणजे हे. हे, भाऊ. एवढंच."

बेकरीवाल्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो पोट धरून हसला. मग त्यानं विचारलं, "आणि माझं? तुम्हाला माझं काय दिसतं?"

मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं. बेकरीवाल्याचं हसू मावळलं. तो आत गेला आणि मोठं ताट घेऊन आला. ताटात ओल्या फडक्याखाली मळलेल्या पिठाचे गोळे ओळीनं झोपवलेले होते. "आमच्यात सगळे यांना मुलं म्हणतात," तो म्हणाला. "माझी आजी म्हणायची. रात्रभर वाढतात ना, म्हणून." हा 'वाढतात' शब्द त्यानं मराठीत उच्चारला, मास्तरांकडूनच कधीतरी ऐकलेला.

मास्तरांना तोंड वर करवेना. ते कसेबसे उठले आणि दुकानात आले.

आता उपाय सोपा होता. ग्रुपवर सरळ शब्दांत लिहायचं, की झालं. पण तो सरळ शब्द लिहायला मास्तरांचं बोट धजेना. इतक्या वर्षांत 'दुकान बंद' त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं, आजारपणात नाही की वडील गेले तेव्हा नाही. त्यांनी 'दुकान आवरलं' लिहिलं, खोडलं. 'दुकानाला विश्रांती' लिहिलं, तेही खोडलं, साहेब त्यावर काय सूत्र लावील कोण जाणे. बायको शेजारी उभी होती. तिचेही ओठ घट्ट मिटलेले होते, पण ती म्हणाली, "लिहा. शब्दच आहे तो." आणि मास्तरांनी डोळे मिटून लिहिलं, 'दुकान बंद केलं.'

कार्यालयाचं उत्तर लगेच आलं. 'नोंद झाली. दुकान कायमचं बंद. वाढीव भागही बंद. पाडकाम रद्द.'

गुरुवारी दुकान जागेवर होतं. मास्तरांनी नेहमीसारखं उघडलं आणि 'दुकान उघडलं' असं लिहायला गेले, तर बंद दुकानाला लिहिता येत नाही असं उत्तर आलं. गिऱ्हाईक म्हणाल तर एक नाही. दुपारी औषधवाल्या बाई शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आल्या. मास्तर त्यांच्याच झग्याला काज करत होते. "फार वाईट झालं हो," बाई हळहळल्या आणि सुईतून झगा सोडवून घेऊन गेल्या. संध्याकाळी साहेब स्वतः खात्री करायला आला.

"मशीन चालू आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "तुमच्यासमोर चालवतोय."

"ते दिसतंय मला," साहेब म्हणाला. "पण दुकान बंद आहे."

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी दारासमोरून जाणारे लोक आवाज खाली करून चालत होते. मास्तर उरलेल्या चिंध्यांवर उगाच टीप घालत बसले. घाबरायची वेळ साहेब आला तेव्हा नव्हती, ती आता होती, हे त्यांना कळत होतं. पाडलेलं दुकान पुन्हा बांधता येतं. याचं काय करायचं? बायकोनं डबा उघडून जेवायला हाक मारली तरी ते उठले नाहीत.

तेवढ्यात दारात सावली पडली. बेकरीवाला उभा होता, हातात खिसा फाटलेला पांढरा डगला. आत न येता त्यानं बाहेरूनच विचारलं, "उघडं आहे?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. हातातलं कापड बाजूला ठेवून म्हणाले, "उघडं आहे."

बेकरीवाला आत आला. टेबल उभं करून त्याला जागा करून देताना मास्तरांना राहवलं नाही. "भाऊ, मी लोकांना तुमच्याबद्दल वाईट सांगितलं होतं," ते म्हणाले. "न विचारता. खूप जणांना सांगितलं."

"ठाऊक आहे. पाव कमी खपतोय."

"आणि तरी आलात?"

बेकरीवाल्यानं डगला टेबलावर पसरला आणि फाटलेला खिसा दाखवला. "फोनवर लिहिलं होतं, मास्तरांचं दुकान बंद झालं," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा विचारून यावं."