पानाच्या पायथ्याचा शब्द

गुलाबपाणी, नऊ भाग.

आईचे उघडे डोळे.

समासात तीन बायकांची नावं, तीन वेगळ्या हातांनी लिहिलेली.

चिमूटभर कापूर.

बुखाऱ्याच्या हस्तलिखित-संग्रहात सरविनोज तीस वर्षांपासून जुने वैद्यकग्रंथ लावत आली होती. पण वसंतात बाबा गेले, तेव्हापासून आईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टरांच्या गोळ्या ती उशीखाली जमवत होती.

"मेलेल्यांची अक्षरं लावतेस, आणि जिवंत आईला झोप आणता येईना होय गं?"

"आणते, ओया." आईला ती ओयाच म्हणे. "आज आणतेच."

बाबा अत्तार होते, औषधी आणि सुगंधी द्रव्यं विकणारे. त्यांच्या घराण्याच्या वहीत उजव्या पानाच्या तळाशी मथळा होता: 'झोप उडालेल्यासाठी.' समोरच्या पानावर कृती. समासातली नावं गुण आलेल्या बायकांची, असं सरविनोजने धरलं. दुपारी तिने लेप खलला आणि लिहिल्याबरहुकूम आईच्या कपाळाला, तळव्यांना, गुडघ्यांना लावला.

आईने हुंगलं. "हा तुझ्या बाबांचा वास."

"बाबा लावायचे?"

"लावायचे कुठले! त्यांना लावला. स्वतःच कालवून ठेवला होता. न्हाऊ घालणाऱ्यांच्या हातात डबी मीच दिली."

सरविनोजने वही ओढली. पानं भरकटू नयेत म्हणून नकलकार उजव्या पानाच्या पायथ्याला पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतात. परक्या पोथीत ती आधी तोच ताडून पाही. घरच्या वहीत पाहिला नव्हता.

पायथ्याला होतं 'बनफशा', झोप आणणारं जांभळं फूल. समोरचं पान 'कापूर'ने सुरू होत होतं.

बनफशाचं पान चार पानं मागे शिवलेलं सापडलं. 'कापूर'चं पान प्रेताला लावायच्या सुगंधाचं होतं. नावं तो लावून पुरलेल्यांची: पणजीचं, आजीचं, आत्याचं. तिसरं बाबांच्या हातचं.

"ओया, पुसते मी. हलू नकोस."

"हात लावशील तर बघ." आईची जीभ जड झाली होती. "किती दिवसांनी आलेत. सरक, बसू दे त्यांना."

सरविनोज सरकली. गादीची ती कड दबलेलीच राहिली.

आई झोपली. सरविनोज तिच्या नाकाशी बोट धरून बसली. श्वास येत होता, जात होता. वही उघडीच होती. तिसऱ्या नावाखाली एका ओळीची जागा कोरी होती.

एकोणीसशे एकाहत्तरच्या हिवाळ्यात वहीची शिवण उसवली, तेव्हा ती आईनेच पुन्हा शिवली होती. तिला वाचता येत नव्हतं.