राजाच्या ओळीत एबा

मी ईस्टरच्या तारखांचा तक्ता बोलतोय. हिल्डगिथला वाटलं होतं, समुद्रकाठच्या आमच्या या जोगिणींच्या मठात जगाचा मोठा ग्रंथ असेल, पितळी कडीचा, दोघींनी मिळून उचलावा असा. आणि सापडलो मी! वासराच्या कातड्याचं एकच पान, मेणबत्तीच्या धुराने पिवळं पडलेलं, त्यातही मधोमध भोक.

ते भोक जन्माचंच. वासरू जिवंत असताना माशीच्या अळीने त्याची पाठ पोखरली होती. पुढे मला चुन्यात भिजवलं, चौकटीवर ताणलं, कोयत्यासारख्या सुरीने खरवडलं. भोक तेवढं राहिलं. माझ्या प्रत्येक बाजूला एकोणीस वर्षं आणि त्यांच्या ईस्टरच्या तारखा. प्रत्येक वर्षापुढे बोटभर जागा. त्या वर्षी जे घडलं ते त्या जागेत लिहायचं. एक वर्ष, एक ओळ, मठाचा रिवाज.

ओळी लिहायची बुग्गाताई. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. याच मठात वाढलेली हिल्डगिथ चौदा वर्षं समुद्रापलीकडे फ्रँकांच्या देशात शिकून त्या शरद ऋतूत परतली, तेव्हा लेखणी तिच्याकडे आली.

सातशे एकोणतीसचं साल. नाताळला वर्ष पालटायचं. दोन दिवस उरले होते.

"एवढीशी जागा? तिकडे भिंतीभर ग्रंथ असतात, ताई!"

"मग भिंतीभर धूळही पुसावी लागत असेल. चल, लेखणी तास."

हिल्डगिथचे गाल तापले. "सूर्याच्या मागेपुढे शेपटीचे दोन तारे दिसले. फ्रँकांच्या गॉलमध्ये अरब सॅरासेन गावं जाळताहेत. तिकडे पूर्वेला सम्राट देवळांतली संतांची चित्रं पुसून टाकायला निघालाय. आपला राजा गेला. हे सगळं लिहायला हवं!"

"आणि एबा?"

एबा मठाच्या गोठ्यात गाई सांभाळायची. वसंतात खोकल्याने गेली होती.

"तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. पण हा जगाचा तक्ता आहे. गोठ्यातल्या बाईचं नाव वाचून जग हसेल आपल्याला."

"जगाला आपण आहोत हे तरी ठाऊकय का, बाई?" बुग्गाताई हसली. मग हळूच म्हणाली, "राजाचं सगळे मठ लिहितील. एबाचं आपण नाही लिहिलं तर कोण लिहिणार? पण डोळे माझे गेले, हात तुझा. तूच ठरव. उद्या दुपारपर्यंत ओळ सुकलेली हवी."

हिल्डगिथने रागारागाने माझ्यावर पट्टी ठेवली. नेमकं त्याच वर्षापुढे भोक. अर्धी जागा त्यानेच खाल्लेली. जुन्या राजांचं कसं लिहिलंय ते पाहावं म्हणून तिने मला पालथं केलं. सातशे पाच. त्या वर्षी थोरला राजा वारला, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिने ओळीवर बोट ठेवलं.

"रिकाम्या होडीत तान्ही मुलगी मिळाली. एबाच्या गाईच्या दुधावर जगली."

राजाचा उल्लेखही नव्हता.

आपण होडीत सापडलो हे तिला ठाऊक होतं. आपल्यासाठी राजाला ओळीबाहेर ठेवलं, हे नव्हतं. तिचं बोट बराच वेळ त्या ओळीवर होतं. त्या बोटाची ऊब मला अजून आठवते.

आज मी काचेखाली आहे. विद्वान वाकून बघतात, म्हणतात, या बायकांना राजा मेल्याची खबरही नव्हती. बाबांनो, हसण्याआधी एकदा मला पालथं करून वाचा.

झालं होतं ते असं: दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्डगिथ आली, ओकच्या झाडावरच्या गाठी उकळून केलेल्या शाईत लेखणी बुडवली आणि भोकाला वळसा घालत बारीक अक्षरात लिहिलं: "दोन तारे दिसले. एबा गेली. गाईंनी चार दिवस दूध दिलं नाही."

"आणि राजा?" बुग्गाताईने विचारलं.

"जागा उरली नाही, ताई," हिल्डगिथ म्हणाली, आणि शाईवर फुंकर घालू लागली.