अठरा सेंटिमीटर दोरा

अक्काचं पत्र येऊन आठ महिने झाले, तरी तात्यांनी उत्तर दिलं नव्हतं. कानांनी दगा दिल्यापासून त्यांच्या या थोरल्या बहिणीची भिस्त पत्रांवरच होती. तिने एवढंच विचारलं होतं: "डॉक्टर म्हणतात, विमानात सलग चार तासांपेक्षा जास्त बसायचं नाही. तुझ्याकडे यायला किती तास लागतात, मोजून कळव. जन्मभर नकाशे काढलेस, एवढं जमेल."

तात्यांनी मोजलं नव्हतं असं नाही. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तेव्हा नऊ हजार किलोमीटर भरलं. पण सपाट नकाशा उत्तरेकडे फुगलेला, त्याचा काय भरवसा? मग पृथ्वीगोलावर दोरा ताणला. तो कधी सैल वाटे, कधी जाड. दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका काढण्यात हयात गेली, पण स्वतःच्या दोऱ्याची खात्री वाटेना.

आज सून टेबल पुसायला आली.

"तात्या, किती फिरवाल? पृथ्वीला चक्कर येईल."

"अठरा सेंटिमीटर. म्हणजे सात हजार सहाशे पन्नास किलोमीटर. नऊ तास. चुकलंही असेल."

तिने फोनवर पाहिलं. "सात हजार सहाशे बारा. थेट विमानाने नऊ तास दहा मिनिटं. मध्ये उतरलं तरी एक टप्पा सहा तासांचा."

"म्हणजे चुकलंच."

"अडतीस किलोमीटरनी. तेवढं तर इथून विमानतळ गाठायला लागतं. तात्या, नऊ काय नि सव्वानऊ काय, चारात बसत नाही. हे तुम्हाला पट्टी ठेवली त्याच दिवशी कळलं होतं."

कळलं होतं. पण 'येऊ नकोस' लिहिलं की पुढचं वाक्यही त्यांनाच लिहावं लागणार होतं. आणि तात्या कधी विमानाच्या पायरीलाही शिवले नव्हते. जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा ते डोळे मिटून बसत.

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "मला कुठल्या डॉक्टरने मनाई केलेली नाही."

"नाही. तुमच्या फक्त पोटात गोळा येतो."

"तो बरोबर नेता येतो?"

"येतो. त्याचं वजन करत नाहीत."

"मग तिकीट काढ. परतीचं महिन्याने. आणि खिडकी नको."

सून फोनमधून मान वर न काढता हसली. तिकीट निघालं.

एरवी साध्या पत्राचे चार खर्डे होत. आज एकाच कागदावर भागलं: 'अक्का, सुमारे नऊ तास दहा मिनिटं लागतात. तुला झेपणार नाही, तू येऊ नकोस. मी येतो. पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला दुपारी दोनला उतरेन.' 'सुमारे' सवयीने लिहिलं गेलं होतं, ते त्यांनी खोडलं. दोरा अठरा सेंटिमीटरवर कापून पाकिटात घातला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी त्यांनी पत्ता दोनदा वाचला. पत्ता तिसऱ्यांदा वाचण्याआधीच त्यांनी पाकीट सोडून दिलं. आत ते तळाला पडल्याचं नीट ऐकू आलं.